निवडून काढलेले

आमचे सर डबा खालून खायचे. चार पुडाचा स्टीलचा डबा. वर पोळ्या, मग भाजी, मग वरण आणि तळाला भात. जगातली शहाणी माणसं वरचा पुड उघडून सुरुवात करतात. सर चारही पुड टेबलावर मांडायचे, तळचा पुढे ओढायचे आणि आधी कोरडा भात खायला लागायचे. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी न राहवून म्हटलं, "सर, पोळी गार होतेय."

"वरचं सारं चांगलंच असते बाप्पा," ते म्हणाले. "खालचं पाहा."

मी मनात म्हटलं, घ्या! पुण्याहून एवढ्या लांब आले आणि बसले कुणाच्या पंगतीला!

इंग्लंडात क्रॉयडनला, स्टेशनपासून पाच मिनिटांवर, ट्रामच्या रुळांकडे तोंड केलेलं आमचं ऑफिस होतं. आमचं काम नक्की काय, हे मी नातेवाइकांना कधीच धड सांगू शकले नाही. आईला वाटायचं मी बियाणं वाटते. सासूबाईंना वाटायचं मी कौन्सिलमध्ये आहे. खरं म्हणजे परदेशी मदतीचा पैसा आणायचा आणि गरीब देशांतले शेतकरी, तिथले घाणेवाले, छोटे निर्यातदार यांना असं तयार करायचं, की त्यांचा माल बाजारात इतरांच्या मालाला टक्कर देईल. आमच्या प्रोजेक्टच्या कागदांवर 'कॉम्पिटिटिव्ह' हा शब्द इतक्या वेळा असायचा की मला झोपेतही त्याचं स्पेलिंग दिसायचं. सरांना विचारलं तर ते एकाच वाक्यात उरकायचे: "आपण धंदा शिकवतो. दया शिकवत नाही."

सर मूळचे अकोल्याकडचे. शेतीचं शिक्षण घेतलेलं, निम्मं आयुष्य आफ्रिकेतल्या शेतांत काढलेलं, आणि आता आमच्या ऑफिसात सल्लागार. वर्षभर एकच तपकिरी, बिनबाह्यांचा स्वेटर. एप्रिलात जयंतीच्या दिवशी मात्र निळा टाय लावून रजा. आता रजेवर असलेल्या माणसाचा टाय आम्हाला कसा ठाऊक? तर कार्यक्रमाला जाण्याआधी ते मुद्दाम ऑफिसात येऊन सगळ्यांना पेढे देऊन जायचे, म्हणून. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही तिघं. सर, मी आणि अन्वी. अन्वी इल्फर्डची, म्हणजे जन्मानेच तिथली. तिचं मराठी आजीकडून आलेलं, त्यातलं लिंगवचन वाटेत कुठेतरी सांडलेलं. ती सरांना काका म्हणायची, मला ताई. सर आम्हा दोघींशी कामाचं सगळं मराठीतच बोलायचे. डायरेक्टर समोर असला तरी. तो बिचारा टेनिस बघितल्यासारखी मान हलवत बसायचा.

'खालचं पाहा' हे नुसतं डब्यापुरतं नव्हतं. सर रिपोर्ट शेवटच्या पानापासून वाचायचे. भाडेकरार, औषधाच्या चिठ्ठ्या, मीटिंगचे मुद्दे, सगळं खालून वर. आणि पोतं दिसलं की त्यात कोपरापर्यंत हात. एकदा इल्फर्डला एका देशी दुकानात मी त्यांच्यासोबत होते. तांदळाचं पोतं तोंड उघडून ठेवलेलं. सरांनी बाही वर केली आणि हात घातला आत, पार दंडापर्यंत. दुकानदार धावत आला, "अंकल, अंकल, प्लीज!" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सरांनी तळातून मूठभर तांदूळ काढला, हुंगला, आणि दुकानदाराच्या नाकाखाली धरला. खाली ओल लागलेली होती. त्या माणसाने पोतं तिथल्या तिथे बाजूला काढलं. पुढे सर दुकानात शिरले की तो स्वतःच म्हणायचा, "अंकल, जरा हात घालून बघता का?"

दुसरी गोष्ट 'लाभार्थी'ची. आमच्या धंद्यात या शब्दाशिवाय पान हलत नाही. बेनिफिशिअरी. इतके बेनिफिशिअरी, त्यांतल्या इतक्या बायका, इतके तरुण. सरांच्या टेबलावर भुईमुगाच्या शेंगांनी भरलेला एक पितळी वाडगा असायचा. जो कुणी हा शब्द उच्चारेल त्याने त्यातल्या मूठभर शेंगा सोलायच्या. शिक्षा सगळ्यांना सारखी. एकदा सरकारी खात्यातला बडा साहेब आला होता, त्याने पंधरा मिनिटांत इतक्या वेळा तो शब्द काढला की चहा येईपर्यंत त्याच्या सुटावर टरफलांचा सडा पडला. डायरेक्टर घामाघूम. सर शांतपणे म्हणाले, "छान सोलता हो तुम्ही."

मला हा सगळा चावटपणा वाटायचा. मी तोंडाने फटकळ आहे, एकदा सरळ विचारलं, "सर, शब्दाने काय होतं? काम झाल्याशी मतलब ना?"

त्यांनी वाडगा पुढे ओढला. शेंगा फोडत राहिले. मग म्हणाले, "शाळेत आम्हाला फुकट वह्या मिळत. एक दिवस पाहुणे आले. हेडमास्तरांनी वर्गातून आम्हा सहा पोरांना वेगळं काढलं. भिंतीपाशी उभं केलं, हातात वह्या दिल्या, फोटो काढला. तो फोटो मग शाळेच्या व्हरांड्यात लागला. खाली लिहिलं होतं, 'लाभार्थी विद्यार्थी'. माझा वर्गात पहिला नंबर होता वं बाई. त्या फोटोत नंबर दिसत नव्हता."

त्या दिवशी मी कुणी न सांगता मूठभर शेंगा सोलल्या.

तेव्हापासून मला त्यांचं फोटोचं वेडही जरा समजायला लागलं. जरा म्हणजे जराच. कारण त्या वेडापायी आमच्या नाकी नऊ यायचे. एका वार्षिक रिपोर्टच्या मुखपृष्ठावर टोपली घेतलेली एक हसरी बाई होती. छापायला जायच्या दिवशी सरांनी बोट ठेवलं. "हिचं नाव काय?" कुणालाच ठाऊक नव्हतं. फोटोग्राफर सोडून गेलेला. सरांनी रिपोर्ट अडवून धरला. "नाव मिळेपर्यंत छापायचा नाही." डायरेक्टर आधी हसला, मग विनवायला लागला, मग ओरडला. शेवटी तीन देशांत इमेली गेल्या आणि बाईंचं नाव मिळालं. शिवाय असं कळलं की त्या शेतकरी नव्हेतच, तालुक्याच्या गावी शिक्षिका होत्या, त्या दिवशी बहिणीकडे आल्या होत्या. सरांना जो आनंद झाला म्हणता! दिवसभर ज्याला त्याला सांगत होते, "पाहिलं? नाव विचारलं म्हणून समजलं."

आता त्या शेंगदाण्यांकडे येते. कारण सर म्हटलं की मला आधी तो आठवडा आठवतो.

आफ्रिकेत मलावी देशातल्या एका भागात बायकांची भुईमुगाची सोसायटी होती. सरांनीच ती उभी करायला मदत केलेली. तिची अध्यक्ष ग्रेस. या बायका आधी दारावर येणाऱ्या व्यापाऱ्याला पोत्यावर माल द्यायच्या, चांगला-वाईट सगळा एकत्र. सरांनी त्यांना सांगितलं, नीट वाळवा, हाताने निवडा, किडका, सुरकुतलेला, बुरशी धरलेला दाणा बाजूला करा, मी तुम्हाला इंग्लंडचं गिऱ्हाईक आणून देतो. शेंगदाण्याला ओल लागली की एक बुरशी धरते, तिचं विष डोळ्यांना दिसत नाही, आणि इथले नियम त्या बाबतीत फार कडक. बायकांनी एक आख्खा हंगाम व्यापाऱ्याला नाही म्हटलं. तो चिडला आणि दुसऱ्या गावाला जायला लागला. म्हणजे परतीची वाट बंद. सरांच्या शब्दावर एक आख्खा कंटेनर भरून शेजारच्या देशातल्या बंदरावर उभा होता.

गिऱ्हाईक ब्रिस्टलचं. पीनट बटर बनवणारी एक छोटी कंपनी, तिची मालकीण हेलन. सज्जन बाई. तिची अट एवढीच, की आधी नमुना इथल्या लॅबमध्ये तपासायचा, पास झाला तर कंटेनर निघेल.

ग्रेसने कुरिअरने दोन कापडी पिशव्या पाठवल्या. तोंडं शिवलेली. एकीला निळी दोरी, एकीला पांढरी. एकीत निवडलेला चांगला माल, लॅबसाठी. दुसरीत निवडताना बाजूला काढलेला टाकाऊ माल. तो सरांनी मुद्दाम मागवला होता, हेलनच्या माणसांना दाखवायला. बायकांचे हात काय काम करतात ते कळावं म्हणून. सरांनी ग्रेसशी फोनवर बोलून खात्री केली आणि मला म्हणाले, "निळी दोरी, निवडलेले. पांढरी दोरी, निवडून काढलेले. लिहून ठेव."

मी लिहिलं. ऑफिसचा कारभार इंग्रजीत, म्हणून इंग्रजीत लिहिलं. माझं इंग्रजी चांगलं आहे असा माझा तेव्हा ठाम समज होता. निळ्या दोरीच्या पिशवीवर स्टिकर लावला, 'पिक्ड'. पांढऱ्यावर, 'पिक्ड आउट'. आता तुम्हीच सांगा, आपण तांदूळ निवडतो म्हणजे काय करतो? खडे काढतो. निवडलेला तांदूळ म्हणजे चांगला तांदूळ, निवडून काढलेले म्हणजे खडे. सरळ आहे. मराठीत सरळ आहे.

दुसऱ्या दिवशी सर ब्रिस्टलला गेले होते. अन्वी माझ्या टेबलापाशी आली. "ताई, लॅबला कुठला पिशवी पाठवू?"

माझं एक एक्सेल शीट त्या दिवशी डोक्यात गेलेलं. मी मान वर न करता म्हटलं, "लिहिलंय की त्यावर. वाच."

तिने वाचलं.

दहा दिवसांनी रिपोर्ट आला. बुरशीचं विष मर्यादेच्या कितीतरी पट. काठावर नापास वगैरे नाही, सपशेल. लॅबवाल्याने तर शेरा मारला होता की हा माल जनावरांनाही घालू नये.

सरांनी तो रिपोर्ट खालून वर वाचला, मग आयुष्यात पहिल्यांदा वरून खाली वाचला. "असं होऊच शकत नाही," ते म्हणाले. "बायांनी निवडलाय तो माल. मी पाहिलंय त्यांना निवडताना." डायरेक्टर मऊ आवाजात म्हणाला, की भावना समजतात, पण आकडे आकडे असतात. मलाही तेच वाटलं. मी मनातल्या मनात त्या बायकांवर चिडलेसुद्धा. इतकं शिकवलं, तरी घाण पाठवली!

लगेच हेलनबरोबर व्हिडिओ कॉल. मीटिंग रूममध्ये आम्ही चौघं, पडद्यावर ती. तिला खरंच वाईट वाटत होतं. ती म्हणाली, हा माल घेता येणार नाही, पण या बायकांसाठी काहीतरी करायची माझी इच्छा आहे. दुसऱ्या कुठूनतरी दाणे घेऊन मी एक छोटी खास बाटली काढते, तिच्यावर या बायकांचा फोटो लावू, लोकांना कळेल की ही बाटली घेतली की त्यांना मदत होते. थोडी रक्कम सोसायटीला जाईल.

डायरेक्टरच्या जिवात जीव आला. माझ्याही. बुडत्या होडीतून एवढं तरी हाताला लागलं. पुढच्या आठवड्यात पैसे देणाऱ्यांची पाहणी होती; त्यांना दाखवायला निदान एक बाटली असती.

"नाही," सर म्हणाले.

"सर," मी टेबलाखालून पाय हलवला.

ते हेलनशी इंग्रजीत बोलत होते, एकेक शब्द ठोकून. "दाणे वाईट असतील तर एकही घेऊ नका. चांगले असतील तर सगळे घ्या. त्या दाणे विकतात. स्वतःचे फोटो विकत नाहीत. मला एक दिवस द्या."

कॉल संपल्यावर जो गोंधळ झाला! डायरेक्टर म्हणाला, हा हट्ट आहे. मी तर उभीच राहिले. "अहो सर, मिळतंय ते घ्या ना! तुमच्या तत्त्वापायी त्या बायका उपाशी मरायच्या! एक दिवसात काय दाणे बदलणार आहेत?" असं मी त्यांना कधीच बोलले नव्हते. अन्वीच्या डोळ्यांत पाणी. सरांचा चेहरा मात्र एकदम म्हातारा दिसायला लागला. मला वाटलं, व्हरांड्यातल्या त्या फोटोची गोष्ट यांनी मला सांगितली नसती तर बरं झालं असतं, म्हणजे मला धड चिडता तरी आलं असतं.

चार वाजले. चार वाजता सर गूळ-शेंगदाणे खायचे. त्या दिवशी वाडग्याला हात लावला नाही. उठून कपाटाकडे गेले. म्हणाले, "चांगले इतके वाईट निघाले, मग वाईट किती वाईट असतील ते तरी पाहू." आणि उरलेली पिशवी काढली, शिवण उसवली, आणि सवयीने मूठ थेट तळाला.

वर्तमानपत्रावर त्यांनी ती मूठ उघडली. मी टेबलाशीच होते. गुलाबी, टपोरे, एकसारखे दाणे. एकावर सुरकुती असेल तर शपथ. सरांनी दुसरी मूठ काढली, तिसरी काढली. मग पिशवीच्या तोंडाशी लोंबणारी दोरी हातात घेतली. निळी.

"अन्वी," ते हळूच म्हणाले, "लॅबला कोणती पिशवी गेली?"

अन्वीने कपाटातून घडी घातलेली रिकामी पिशवी आणली. पांढरी दोरी. लॅबने स्वतःचा सीलबंद डबा दिला होता, तिने त्यात दाणे ओतले होते आणि पिशवी शहाण्यासारखी जपून ठेवली होती. पिशवीवर माझा स्टिकर. पिक्ड आउट.

"म्हणजे बेस्ट वाले ना?" अन्वी म्हणाली. "पिक्ड आउट, म्हणजे चांगले-चांगले बघून काढलेले. आणि दुसरा नुसता पिक्ड, म्हणजे शेतातून तोडलेले. ऑर्डिनरी."

"अगं, पण ओतताना दिसलं नाही का तुला? काळे, सुरकुतलेले?" मी ओरडले.

"मला वाटला ते ऑर्गॅनिक आहेत!"

सर खुर्चीत बसले आणि हसायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे हलतायत आणि डोळ्यांतून पाणी. अन्वीला वाटलं ते रडतायत. ती त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली, पांढरीफटक. "काका, माझा चूक आहे."

"चूक स्त्रीलिंगी," सर डोळे पुसत म्हणाले. "माझी चूक, म्हण."

"माझी चूक आहे."

"आता व्याकरण बरोबर झालं. पण चूक तुझी नाही."

त्यांनी तो स्टिकर नखाने अलगद सोडवला, क्षणभर पाहिला आणि स्वेटरच्या खिशात घातला. माझ्याकडे पाहिलं नाही. आणि मी? मी, फटकळ म्हणून मिरवणारी, तोंड शिवल्यासारखी उभी. शब्द माझा होता, अक्षर माझं होतं, 'वाच' म्हणून तिच्या अंगावर खेकसणारी मीच होते. एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले. मग तो क्षण गेला आणि बोलणं आणखी अवघड झालं.

सरांनी हेलनला फोन लावला. इंग्रजीत तीनच वाक्यं. माझ्या हातून चूक झाली. आम्ही तुम्हाला त्यांचा कचरा पाठवला. आता माल पाठवतो. वर म्हणाले, बंदरावरच्या कंटेनरमधूनही नमुना घ्यायला सांगा, आणि तो तळातल्या पोत्यांतून घ्या.

पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत. पाहणीवाले येऊन गेले, त्यांना सरांनी दोन्ही तऱ्हेचे दाणे वर्तमानपत्रावर मांडून दाखवले आणि झालेली गंमत जशीच्या तशी सांगितली. फक्त कुणाची चूक ते सांगताना प्रत्येक वेळी 'माझी'. मी समोर बसून पाणी पीत होते.

मग रिपोर्ट आला. ईमेल माझ्याकडे. सर म्हणाले, "वाच. खालून." घाईघाईत स्क्रोल करताना शीट दोनदा वर गेलं. सगळ्यात खाली एक ओळ होती: दोन्ही नमुने मर्यादेत. मी ती ओरडूनच वाचली. बाई गं! इतकं हायसं मला परीक्षेच्या निकालानंतर नाही वाटलं, व्हिसा आला तेव्हा नाही वाटलं. अन्वी मला मिठी मारून नाचत होती. डायरेक्टर सगळ्यांशी हात मिळवत सुटला, रिसेप्शनवरच्या कुरिअरवाल्याशीसुद्धा. हेलनने सगळा कंटेनर घेतला. सगळा.

सरांनी ग्रेसला स्पीकरवर फोन लावून सगळी हकिगत सांगितली. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही आम्ही टाकलेले दाणे तपासलेत? मग आम्ही ते टाकले कशाला होते?" आणि पाठीमागे बायकांचा जो हशा उसळला, तो फोनमध्ये मावेना.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सर निवृत्त झाले, त्याला आता दोन वर्षं झाली. इल्फर्डला मुलीच्या घराजवळ राहतात. गेल्या महिन्यात मी आणि अन्वी भेटायला गेलो. सर चहा करत होते, तोच स्वेटर. स्वयंपाकघरातल्या टेबलावर हेलनच्या पीनट बटरची बाटली होती. "खालचं पाहा," ते म्हणाले. मी बाटली उलटी केली. लेबलाच्या तळाशी बारीक अक्षरांत सोसायटीचं नाव. फोटो नाही, मदतीबिदतीचा शब्द नाही. लोक घेतात, कारण चव चांगली आहे.

बाटली ठेवायला वळले आणि फ्रिजवर नजर गेली. मॅग्नेटखाली एक पिवळट स्टिकर. पिक्ड आउट. माझं अक्षर, माझं ते ऐटबाज 'पी'.

बस. आता मात्र राहवेना. "सर," मी म्हटलं, "ती माझी चूक होती. शब्द माझा होता. अन्वीने विचारलं तेव्हा मी तिच्यावर खेकसले. आणि त्या दिवशी मी बोलले नाही. दोन वर्षं बोलले नाही."

सरांनी चहा गाळला. "व्याकरण बरोबर आहे," ते म्हणाले.

"सर!"

"अवं, अक्षर ओळखतो ना मी तुझं. म्हणून तर खिशात घातला. डायरेक्टरने पाहिला असता तर तुझा बकरा झाला असता."

"आणि मला काकांनी त्याच संध्याकाळी सांगितला, ताई," अन्वी म्हणाली. "दुसऱ्याचा चूक उचलायचा नाही म्हणून. मी वाट बघत होते तू कधी बोलशील."

म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं! दोन वर्षं मी एकटीच जिवाला लावून घेत होते. मला हसू येत होतं की रडू, कोण जाणे, पण छातीवरचं काहीतरी उतरलं हे नक्की.

"मग जपून कशाला ठेवलात?" मी नाक पुसत विचारलं.

सरांनी स्टिकरकडे पाहिलं. "त्या सहा पोरांत मला निवडून काढलं होतं ना, फोटोसाठी. मी आयुष्यभर तुझ्यासारखाच वाचत आलो ते. बाजूला काढलेला माल. मग ही पोरगी म्हणते, पिक्ड आउट म्हणजे चांगले-चांगले बघून काढलेले." त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. "असंही वाचता येते, हे मला ठाऊकच नव्हतं बाप्पा. तुझी चूक मला फार आवडली."

मग त्यांनी कपाटावरून तो जुना पितळी वाडगा खाली घेतला. शेंगांनी काठोकाठ भरलेला.

"मी कुठे तो शब्द बोलले?" मी म्हटलं.

"ही दोन वर्षांची शिक्षा," सर म्हणाले. "सोल."

मी मुकाट्याने बाही वर केली, तळात हात घातला आणि सोलायला बसले.